निवलेली भट्टी

धाकट्याने आणखी एक ओंडका भट्टीच्या तोंडात कोंबला आणि आत विटांत कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. त्याचा हात तसाच राहिला. कमान तडकली होती. बेकरीवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने हा आवाज कधी ऐकलेला नसला, तरी त्याला तो कळतो.

भट्टी पूर्ण निवू द्यायची नसते, हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं. निवली की विटा ओल धरतात. मग आठवडाभर काटक्यांच्या हलक्या जाळावर त्यांना गोंजारत बसावं लागतं. घाई केली की त्या सूड घेतात. सगळं ठाऊक असून तो घाई करत होता, कारण नुकताच वहिनीचा फोन आला होता. दादाला दवाखान्यातून घरी सोडलं होतं. दोघं गाडीत बसून निघालीसुद्धा होती.

दादा आजारी पडल्यापासून बेकरी बंद होती आणि वहिनी दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. जाताना तिने धाकट्याला एकच काम सांगितलं होतं.

"पाव नका करू, भाऊजी, पण भट्टी निवू देऊ नका. देवाने मला शब्द दिलाय, हे चालत घरी येतील. तो दिला शब्द फिरवत नाही."

देवाशी तिचं असं घरगुती बोलणं असायचं, जणू तो भिंतीपलीकडेच राहतो. धाकटा सकाळ-संध्याकाळ लाकडं सरकवत राहिला. मग एकदा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि बोलण्याआधी चष्मा काढून पुसला. त्या संध्याकाळी त्याने लाकडं घातली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आता कुणासाठी घालायची? वहिनी रोज फोनवर विचारायची, "भट्टी गरम आहे ना?" आणि तो म्हणायचा, "आहे की." जिवंत भावाला त्याने मनातल्या मनात पोचवून टाकलं होतं, आणि वर ही साखरपेरणी.

दाराशी गाडी थांबली. दादा खरंच चालत आत आला. एक हात वहिनीच्या खांद्यावर, आणि सदरा खुंटीला अडकवावा तसा अंगावर.

"असा सुतकी चेहरा करून काय उभा आहेस? आलोय ना मी!"

धाकट्याला ते नेमकं लागलं. तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"दवाखान्यातला पाव खाऊन आलोय बाबा," दादा म्हणाला. "त्यापेक्षा आपली वीट मऊ."

भट्टीतल्या ज्वाळा बघून वहिनीने हात जोडले. तिचे डोळे भरून आले.

"बघा! एक दिवस निवू दिली नाही भाऊजींनी." मग ती धाकट्याकडे वळली. "तुमच्याच जिवावर यांना धीर देत होते मी. रोज सांगायची, भट्टी गरम आहे, म्हणजे देवाचं लक्ष आहे आपल्याकडे."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी चहा टाकायला आत गेली, तेव्हाही त्याची मान वर होईना.

दादाने भट्टीच्या बाहेरच्या भिंतीवर तळवा ठेवला. रोजच्या भट्टीची भिंत गाईच्या पोटासारखी उबदार असते. ही गारठून गेलेली होती. कमानीवरची भेगही त्याने पाहिली. ताजी, लाल, काजळीचा कणही न लागलेली.

"डॉक्टर बोलले तेव्हापासून?" त्याने हळूच विचारलं.

धाकट्याने मान हलवली. "दादा, मला वाटलं की..."

"मलाही त्यांनी चष्मा पुसूनच सांगितलं." दादाने हात काढून घेतला. "हिचा देव हिला दिसतो. मला कुठे दिसतोय? पण म्हटलं, धाकटा अजून लाकडं घालतोय, मग आपणच कशाला हाय खायची?"

त्याने एक मुस्काटात लगावली असती तर धाकट्याला बरं वाटलं असतं. दादा ज्वाळांकडे वळला.

"आलो मात्र चालत," तो म्हणाला.

वहिनी कप घेऊन आली. ते फळीवर ठेवून तिने भिंतीकडे हात पुढे केला. "मीही जरा हात शेकते. तिथे गारठून गेले होते नुसती."

"थांब, आधी मी. पाठ धरलीय माझी." दादा मध्ये सरकला, खाली बसला आणि अख्खी पाठ त्याने भिंतीला टेकवली. "हां... काय ऊब आहे!"

"टेका, टेका," वहिनी हसली. किती दिवसांनी हसली होती.

दादाच्या हातावर सर्रकन काटा उभा राहिलेला धाकट्याने पाहिला. दादाने बाही मनगटापर्यंत ओढली आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"ओंडके बस झाले रे," तो म्हणाला. "आता काटक्या घाल. सावकाश."