काठावरची खुंटी

"अहो, ती काठी ठेवा आधी. बोट बघू," वहिनी बांधावरून ओरडल्या.

"बोट कुठे पळून जात नाही. जमीन जातेय," मोजणीदार म्हणाला आणि त्याने काठी पुन्हा आडवी टाकली.

"बोटाची चिंधी लाल झालीय."

"धुऊन टाक."

"चिंधी धुवीन. बोटाचं काय करू?"

मोजणीदार हे काही त्याचं नाव नव्हे, गावाने ठेवलेलं. त्याचं घर आणि माझं घर नदीकाठी शेजारी-शेजारी आहे, म्हणून त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वर धरण झालं तेव्हापासून नदीला वेळकाळ राहिला नाही. पाणी सोडलं की काठ भिजतो, पाणी उतरलं की भिजलेली माती आपल्याच वजनाने खचते. आधी काळ्या जमिनीत केसाएवढी भेग दिसते. मग त्यात बोट जातं. आणि एखाद्या दुपारी मक्याची ओळच्या ओळ उभीच्या उभी खाली जाते. वर ऊन तसंच असतं, पाखरंही ओरडत असतात. कचेरीतली माणसं येऊन बघून गेली. बघण्यासारखं होतंच.

मोजणीदाराने काठापासून थोडं आत एक खुंटी ठोकली होती, डोक्याला चुना फासलेली. सकाळी उठला की खुंटीपासून काठापर्यंत काठीने मोजायचा. संध्याकाळी पुन्हा. ती खुंटी तासतानाच कोयता निसटून बोटाला लागला होता. जखम ती केवढी, पोरंसोरं थुंकी लावून पळतील एवढी. पण पावसाळा गेला, थंडी आली, तरी ती मिटेना. वर आज ताप, उद्या सर्दी, परवा तोंड आलेलं. रोज मरे त्याला कोण रडे, तसं गावाने विचारणं सोडून दिलं.

शेवटी वहिनींनी त्याला दवाखान्यात ओढून नेलं, आणि तो वाटेतून परत फिरू नये म्हणून मलाही. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने रक्त तपासलं, साखर तपासली. सगळं ठीक होतं. मग तिने विचारलं, "झोप लागते का?"

"डोळे मिटतो," मोजणीदार म्हणाला.

"आणि कान?"

"कान नदीवर असतात."

बाईने पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या अंगात जखमा भरणारी, ताप हाकलणारी माणसं आहेत असं समजा. रोज धोक्याची हाळी दिलीत की ती धावतात. एकदा धावली तर बिघडत नाही. पण तुम्ही महिनोन्‌महिने त्यांना नदीवर उभं केलंय. मग बोटाकडे कोण बघणार?"

"मग काय करू?"

"झोपा. रोज चाला, पण नदीकडे नाही. चार माणसांत बसा, मनातलं बोला. आणि मोजणं बंद करा. मोजल्याने नदी थांबते का?"

"न मोजल्याने थांबते का?" तो म्हणाला.

बाई हसली नाही. मलम लिहून दिलं.

पण मोजणं कसलं सुटतंय. परत येताना मला म्हणाला, "तुझ्या पुस्तकांत नदीबद्दल काय लिहिलंय रे?"

"नदी वळणं बदलते, असं लिहिलंय."

"हे लिहायला पुस्तक कशाला लागतं?"



त्यानंतर थोड्याच दिवसांत मात्र गंमत झाली. मोजणीदार संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला आणि खिशातून हात काढून म्हणाला, "आज सारखंच भरलं. कालच्याइतकंच." दुसऱ्या दिवशीही सारखंच. त्याच्याही पुढे सारखंच. महिना उलटला तेव्हा त्याच्या घरातून घोरणं ऐकू यायला लागलं. मुलीकडे जाऊन चार दिवस राहून आला. ओट्यावर बसून गावाची टवाळी करायला लागला. ताप येईना. आणि बोट भरलं, नुसती पांढरी रेघ राहिली.

"डॉक्टरीणबाईचं मलम बरं निघालं," तो म्हणायचा. "आणि नदीला सुद्धा लाज आली."

नदीला लाज आली नव्हती. माझ्याही बांधाची माती जातच होती, पण मला वाटलं, प्रवाह असतो वाकडा, त्याच्या बाजूला माती खचायची थांबली असेल. मग एका दुपारी तो बाजाराला गेला असताना मी वहिनींना पाहिलं. त्यांनी खुंटी उपटली, टीचभर आत आणून ठोकली, जुनं भोक पायाने बुजवलं आणि वर थोडा पालापाचोळा टाकला. वळल्या तर समोर मी.

"भाऊजी, बोलू नका," त्या म्हणाल्या. "बोट भरतंय त्यांचं."

"त्याला कळत कसं नाही?"

"मोजणाऱ्याची पाठ घराकडे असते."

ते खरंच होतं. त्याने कधी मागे वळून पाहिलंच नाही. खुंटीपासून काठ मोजला की त्याचं काम झालं.

आता काठ बघायचं काम वहिनींकडे आलं, आणि तेही चोरून. तो बाहेर गेला की मोजायचं, तो यायच्या आत सरकवायचं, आणि चेहरा हसरा ठेवायचा. त्यांचं तोंड आलं तेव्हा म्हणाल्या, तिखट लागलं असेल. टाचेची भेग चिघळली तेव्हा म्हणाल्या, अनवाणी चालते ना. मग कमरेभोवती फोडांचा पट्टा उठला. नागीण. लुगड्याचा काठ लागला तरी दात आवळायच्या.

मी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईने फोड पाहिले आणि विचारलं, "काकी, आता तुम्ही कुणाला नदीवर उभं केलंय?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर.

त्याच आठवड्यात मोजणीदाराने गोठा बांधायला काढला. खुंटीच्या अलीकडेच. "जमीन थांबलीय, पाणी जवळ, गाय खूश," असं म्हणत त्याने पायाची रेघ आखली आणि कुदळ मारली. वहिनी कमरेला हात धरून आल्या आणि त्या रेघेवर बसल्या.

"इथे नको."

"का? तुझी कंबर दुखतेय, तू आत जा."

"अहो, नदी थांबलेली नाही. खुंटी मी सरकवते."

तो कुदळ धरून उभा राहिला. मग खुंटीपाशी गेला आणि पहिल्यांदाच काठाकडे पाठ करून उभा राहिला. समोर घर होतं. किती जवळ आलं होतं ते त्याचं त्यालाच दिसलं.

"केव्हापासून?"

"दवाखान्यातून आलो तेव्हापासून."

"म्हणजे माझं बोट खोट्यावर भरलं."

"भरलं ना."

"आणि तुझी कंबर?"

"ती खरी आहे."

तो वहिनींच्या शेजारी मातीत बसला. मग म्हणाला, "अगं, निदान अर्धं तरी मला द्यायचंस."

"अर्धं द्यायला गेले असते, तर तुम्ही सगळं घेतलं असतं."

 

खुंटी त्याने उपटून चुलीत घातली. गोठा घराच्या मागे, खडकाळ बाजूला बांधला. आता मोजत कोणी नाही. संध्याकाळी दोघं गावाकडच्या रस्त्याने फिरून येतात, माझ्या ओट्यावर बसतात, जे मनात असेल ते बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणाली होती तसं सगळं करतात. वहिनींचे फोड सुकले, पण आतली आग गेली नाही. टाच एकदा भरते, एकदा उकलते. त्याची झोप पुन्हा उडाली. नदी लिंबाच्या झाडापर्यंत आली, मग लिंबाचं झाडही गेलं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार?

परवा सकाळी कुंपणापाशी त्यांचं बोलणं कानावर आलं.

"पहाटे दरड पडली. ऐकलीस?"

"ऐकली."

"मला हाक मारली नाहीस."

"तुम्ही झोपला होतात ना."

"मी जागा होतो. तुझी झोप मोडेल म्हणून हललो नाही."

"मीही म्हणूनच हलले नाही."

 मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी नुसतं खोकायचं. जागी आहेस एवढं कळलं तरी पुरे."

आता पहाटे माती खचल्याचा आवाज येतो. त्यामागून त्यांच्या घरातून एक खोकला, आणि लगेच दुसरा. मग मीही इकडे खोकतो. तिथवर ऐकू जातो की नाही, कोण जाणे.