भरिताचं पाणी झालं, तेव्हा मी तिथेच होते

मी बडगी बोलतेय. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे काय?" तर मी भरीत ठेचायचं लाकडी भांडं. यावल तालुक्यातल्या एका सुताराने बाभळीचा बुंधा आतून कोरला आणि मी जन्माला आले. माझ्या जोडीला त्याने लाकडाचीच मुसळी घडवली. ती जन्मभर माझ्याच पोटात मारते, तरी आमचं पटतं.

माझा मालक योगराज, केळीचा बागाईतदार. अंगाने आडवा, बोलायला लाजाळू. पण काय त्याचा हात! वांगी, मिरच्या, लसूण तो असा सारख्या ठेक्यात ठेचतो की मला डुलकी लागते. त्याच्या बायकोला, ज्योत्स्नाला, त्याच ठेक्यावर पुऱ्या लाटताना गुणगुणायची सवय झाली आहे.

गावात भजनी मंडळ आहे. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या मंदिरात बसतं. मृदंग चुडामण नानांचा. कुणाचा टाळ जरा चुकला की नाना भजन थांबवून त्याला साऱ्या गावासमोर झापायचे. लोक त्यांना टरकून असायचे आणि त्यांच्यावाचून कुणाला गायलाही यायचं नाही.

गेल्या वर्षी नानांच्या पत्नी कौतिकबाई गेल्या. नानांनी मृदंगाला गवसणी घातली आणि मंदिरासमोरच्या आपल्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. जेवलात का? "हो." दवाखान्यात जायचं का? "हो." आणि हलायचे नाहीत. एकाने मोबाईलवरून आनंदी राहण्याचे दहा उपाय वाचून दाखवले. दहाही उपायांना नाना "हो" म्हणाले. हे मला ज्योत्स्नाकडून कळायचं, स्वयंपाकघरात काही लपत नाही. माणूस असाच मिटून जाईल, या काळजीने मंडळातलं कुणी ना कुणी रोज त्यांच्या ओट्यावर चक्कर मारायचं.

मृदंग तात्पुरता योगराजकडे आला आणि त्याने भजनाची पार वाट लावली. टाळकरी एकमेकांवर डोळे वटारायचे. ज्योत्स्ना म्हणायची, "आता मारुतीच उठून जाईन एक दिवस!" मला काही कळेना. योगराज आणि बेताल?

मग पौषातल्या एका रविवारी योगराजने सगळ्या मंडळाला आणि सरपंचांना बोलावून शेतात भरिताची पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली. नानांना मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलं, म्हणजे उतरून पळायची सोय नको. ते आले आणि एका केळीकडे तोंड करून बसले.

योगराजने मुसळी उचलली. धप. धप धप. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम धप! माझा जीव कासावीस झाला. इतक्या वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता. वांग्याचा तुकडा उडून सरपंचांच्या टोपीवर बसला.

नानांची पाठ हलली. मान हलली. पुढच्या धपला ते ताडकन उठले.

"अरे, भरीत ठेचू राहिला का साप मारू राहिला?"

"मले नाही जमत, नाना," योगराज मान खाली घालून म्हणाला. "तुम्हीच दाखवा."

नानांनी मुसळी हिसकावली. पहिले चार ठोके रागाचे होते. मग हात सैल झाला, ठेका बसला, एकाने दोन वाट्याच टाळ म्हणून घेतल्या, ज्योत्स्नाने अभंग उचलला आणि सगळं शेत गायला लागलं. एक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला लय चढली. नाना ठेचत होते, गात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "कौतिकले हा अभंग लई आवडे," ते म्हणाले. वर्षभरात त्यांनी बायकोचं नाव पहिल्यांदाच घेतलं. मग सगळेच रडले आणि गाणं मात्र कुणी थांबवलं नाही.

पाचव्या अभंगानंतर ज्योत्स्ना माझ्यात डोकावली. "अहो, हे आता वाटीनं पियाचं का?"

भरिताचं पाणी झालं होतं. माझ्या बुडाला चीर पडली होती आणि तिच्यातून रस गळत होता. लोक ते भरीत खरंच वाटीने प्याले. नानांनी तीन वाट्या घेतल्या आणि चौथी मागितली.

आता चीर पडल्यामुळे मी भरिताला चालत नाही. मंदिरात मृदंगाच्या शेजारी पालथी असते आणि मंडळातली मंडळी मला वाजवतात. लसणाचा वास अजून जात नाही, पण मी वाद्य आहे, कृपया तसंच म्हणत जा. नाना दर शनिवारी येतात. कधी जुनी आठवण दाटली की मधेच भिंतीकडे वळतात. तेव्हा योगराज मला पुढे ओढतो आणि मुद्दाम एक ठोका चुकवतो. नाना लगेच गर्रकन वळतात आणि त्याला मनसोक्त झापतात.

इतका सरळ हात असलेला माणूस, नाना झापायला तरी उठावेत म्हणून, वर्षभर मुद्दाम चुकत सगळ्या गावाच्या शिव्या खात बसला. हे फक्त मला ठाऊक आहे. आता तुम्हालाही. एवढीच विनंती, नानांना सांगू नका.