फ्यूजच्या जागी तांब्याची तार

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि माझ्यामुळे एक माणूस मेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बढाई ऐकताना तुम्ही सावध राहाल.

माझा जन्म मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीजवळ, कंपनीच्या क्वार्टरमध्ये झाला. दुलीचंद तिथे इलेक्ट्रिशियन होते. ड्यूटीवरून आले की चहा घेऊन ते माझ्यापाशी बसत. पत्रा कापून त्यांनी माझा सांगाडा केला, सागाची पेटी केली आणि शेवटी पाठीत दोन पॉवर व्हॉल्व्ह बसवले. व्हॉल्व्ह, दुलीचंदांच्या बोलीत ‘वाल’, म्हणजे बाटलीसारखी काचेची नळी, आत निखाऱ्यासारखी लाल होणारी तार. गिटारचा नाजूक आवाज हे दोघे मिळून मोठा करतात. बैलजोडीसारखे दोघांना सारखेच ओढावे लागते.

दुलीचंदांची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला उकव्यापासून लामत्यापर्यंत गावोगावी आमचे कार्यक्रम होत. "दुलीचंदची पेटी बोलते," असे लोक म्हणत. खोटे कशाला बोलू, मी चांगलाच फुगलो होतो.

खरे तर मला बोलता येत नाही. पोटात काही बिघडले की माझ्या पाठीवरच्या छोट्या टोपीतला फ्यूज जळतो आणि मी गप्प होतो. एवढेच माझे बोलणे. दुलीचंदांना ते नेमके कळे. खाणीत कोणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली, तर ते सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढत.

निवृत्त होऊन आम्ही बालाघाटला आलो. काचबिंदूने दुलीचंदांची नजर अधू केली, आणि माझे व्हॉल्व्हही म्हातारे होऊन आवाज घोगरा झाला. त्यांनी एका जुन्या सामानवाल्याकडून नवी जोडी मागवली. आली ती भलत्याच प्रकारची. दिसायला जवळपास तशीच, खालचे आठ पायही तसेच, त्यामुळे माझ्या खोबणीत ती बरोबर बसे. पण तिची भूक माझ्या जुन्या जोडीच्या दीडपट होती. काचेवर नंबर लिहिलेला होता. त्यांच्या पत्नीने, कमलाबाईंनी, तो एका क्षणात वाचून दाखवला असता. पण आयुष्यभर इतरांना वीज शिकवलेल्या माणसाने नंबर वाचून मागायचा कसा? त्यांनी बोटांनी पाय चाचपले, व्हॉल्व्ह दाबून बसवले आणि म्हणाले, "बसले ना? मंग आपलेच आहेत."

संध्याकाळी मला चालू केले. थोड्याच वेळात नव्या व्हॉल्व्हच्या आतले पत्रे लाल होऊ लागले. दुलीचंदांना ते दिसले नाही. फ्यूज उडाला. त्यांनी दुसरा घातला, तोही उडाला. मी दोनदा ओरडलो होतो, मित्रांनो. तेव्हा त्यांनी एक जाड वायर सोलली, तिच्यातला तांब्याचा तुकडा घेतला आणि माझ्या टोपीत बसवला. त्यांची मुलगी संघमित्रा लामत्याच्या शाळेत शिकवून नुकतीच परतली होती. तिने विचारले, "बाबा, तार लावलेली चालते का?"

"मी लावली ना? मंग चालते."

त्या क्षणी माझे तोंड बंद झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गिटार मांडीवर घेऊन बसले. कमलाबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर त्यांचे पाय उघडे होते. मी आतून भाजत होतो. स्वयंपाकघरातून कमलाबाई म्हणाल्या, "अवो, काही जळून राह्यलं का?"

"नवे वाल आहेत. वास येतेच. तुले नाही समजत त्यातलं."

त्या गप्प बसल्या. बेचाळीस वर्षे विजेच्या बाबतीत त्या गप्पच बसत आल्या होत्या. इकडे माझ्या पोटात, तापलेल्या व्हॉल्व्हजवळून जाणाऱ्या वायरीचे प्लास्टिक वितळले आणि उघडी तार माझ्या पत्र्याला टेकली. माझा पत्रा गिटारच्या तारांना जोडलेला. घराचे अर्थिंग केव्हाच गंजून तुटलेले. दुलीचंदांनी पोलादी कांडी तारांवर ठेवली आणि ते मागे कोसळले. गिटार घरंगळली, तिची वायर माझ्यातून निसटली.

सगळे म्हणाले, हार्ट अटॅक. बोटावर काळा डाग होता, तो सोल्डरिंगचा असेल असे ठरले. माझ्यावर चादर टाकली गेली. खुनी तुमच्या घरातच, तोही चादरीखाली, आणि येणारे-जाणारे त्याच्यावर पाण्याचे पेले ठेवताहेत, असे ते वर्ष गेले.

मग पहिला स्मृतिदिन जवळ आला. संघमित्राने ठरवले की रविवारी विहारात बाबांची गिटार वाजवायची, बाबांच्याच पेटीवर. माझी चादर निघाली तेव्हा मला धडकी भरली. ती मला मायेने पुसत होती. जळलेल्या जोडीचा नंबर पाहून तिने हुबेहूब तशीच नवी जोडी मागवली आणि ती बसवायला मलाजखंडहून महेंद्रला बोलावले. महेंद्र खाणीत दुलीचंदांच्या हाताखाली काम शिकला होता.

त्याने मला उलटे केले, फ्यूजची टोपी उघडली आणि तिथेच थांबला. तांब्याची तार पाहिली, मग वितळलेली वायर, मग जळलेल्या व्हॉल्व्हचे नंबर. त्याला सगळे समजले, हे मला समजले. त्याने वायर बदलली, खरा फ्यूज घातला आणि तांब्याचा तुकडा खिशात टाकला. फक्त एवढे म्हणाला, "संघमित्रा, मी खाणीच्या क्लबाच्या जुन्या पेटीतली जोडी आणली आहे. धूळ बसली आहे, पण ह्या पेटीचे वाल हेच. हे लावू."

"नाही काका. बाबाइनं लावले होते तेच लागतील."

"ते जास्त करंट खातात, बाई."

"बाबाइले माहीत नव्हतं काय?"

गुरूची चूक त्याच्या मुलीपुढे कशी काढायची? महेंद्रने नव्या जोडीचा खोका उचलला आणि ती चकचकीत, खादाड जोडी माझ्या पाठीत बसवली. मी त्याच्यावर इतका कधी चिडलो नव्हतो. आदर म्हणे!

तो हत्यारे आवरत असताना संघमित्रा सहज म्हणाली, "काका, प्रोग्रामात फ्यूज गेला तर काळजी नका करू. तार लावता येते मले. बाबाइचं पाहूनच शिकली मी."

महेंद्रने हातातली हत्यारे खाली ठेवली. खिशातून तांब्याचा तुकडा काढून त्याने तिच्यापुढे ठेवला.

"हे ह्याच्यात होतं," तो म्हणाला. "दादाइची नजर गेलती. वाल गलत लागले, फ्यूज उडाले, अन् त्याइनं हे लावलं. अटॅक नव्हता तो. करंट होता."

"खोटं!" संघमित्रा उठून उभी राहिली. "बाबा असे चुकूच शकत नाहीत. एक साल झालं त्याइले जाऊन, अन् तुम्ही नाव ठेवून राह्यले? मी हेच वाल लावीन. फ्यूज गेला तर हीच तार लावीन."

तिने तार मुठीत घट्ट धरली. मी जमेल तेवढ्या जोराने ओरडलो असतो, पण वीज नसलेल्या पेटीला आवाज कुठला?

तेव्हा कमलाबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी माझा प्लग बोर्डात नाही हे पाहून घेतले, खाली बसल्या, माझी वायर मुळाशी धरली आणि भाजीच्या विळ्याने कापून टाकली.

"आई! काहून कापली?"

"मले त्या दिवशी वास आलता," कमलाबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, तुले समजत नाही. मी चूप बसली. आता नाही बसत. तुह्या बाबाचा मान मी मरेपर्यंत ठेवीन, पण त्याइची गलती तुह्या हातात नाही देत."

संघमित्रा बराच वेळ रडली. मुठीतली तार मात्र तिने आईला दिली.

मित्रांनो, माझी वायर अजून जोडलेली नाही. धुळीची ती जोडी माझ्याशेजारी खोक्यात आहे. जोडतील तेव्हा जोडतील, मला घाई नाही. माझी एकच विनवणी आहे. फ्यूज उडाला तर आधी का उडाला ते शोधा. आणि घरातले मोठे माणूस चुकताना दिसले, तर त्याच्या मानाखातर गप्प बसू नका. मानापेक्षा माणूस मोठा.

रविवारी संघमित्राने माझ्याशिवाय गिटार वाजवली. विहारातल्या मागच्या रांगांना काहीच ऐकू आले नाही म्हणे. दुपारी ती घरी आली, चपला काढल्या आणि जेवायला बसली. कमलाबाई तिच्या जेवणाऱ्या हाताकडे, त्याच्या डाग नसलेल्या बोटांकडे, बघतच राहिल्या.