करंजाखालची दहा मिनिटं

मी टेमघरच्या एका पडवीत उभी असलेली जुनी स्कूटर बोलतेय. पण माझी गोष्ट कमळच्या नवसाशी बांधलेली आहे, म्हणून आधी तोच सांगते. चैत्रातला शुक्रवार होता. मानकोलीच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत रखडून मी इतकी तापले, की करंजाच्या झाडाखाली बंदच पडले. कमळने पदर सावरला, माहेरच्या गावदेवीच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाली, "आई, या गाडीला गार ठेव. गार राहिली तर अकरा शुक्रवार न चुकता तुझी ओटी भरीन."

"देवी काय मेकॅनिक हाय?" केसरीनाथ हसला.

केसरीनाथ तिचा नवरा, माझा मालक, लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्यात फिटर. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने मला नवीकोरी घरी आणलं, तेव्हा कमळने माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. लूमच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातवारे करतात. केसरीनाथ घरीही तेच करायचा. पाणी हवं तर अंगठा ओठाशी, मीठ कमी पडलं तर बोटांची चिमूट. एका घरात राहून कमळच्या कानांवर दिवसदिवस शब्द पडायचा नाही.

शुक्रवारी लूम बंद, आणि वार देवीचा. मग दोघं माझ्यावर बसून देवळाला निघायची. वाटेत मी तापायचेच. करंजाखाली थांबलो की कमळ बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून माझ्या इंजिनावर एक थेंब सोडायची. थेंब चर्रर्र करून उडाला तर अजून बसायचं, गप्प राहिला तर निघायचं. त्या दहा मिनिटांत केसरीनाथ बोलायचा. लहानपणी खाडीच्या चिखलात पकडलेले निवटे मासे, आईच्या हातची भाकरी, कुठलंही काहीही. कमळ नुसती ऐकत बसायची.

नवसाला तो हसला खरा, पण गोष्ट त्याने मनावर घेतली. तेलाचा रिकामा डबा कापून त्याने माझ्यासाठी एक मोठं नरसाळं केलं, समोरचा वारा थेट इंजिनावर नेणारं. पहिलं नरसाळं अंजूरफाट्यावर गळून पडलं आणि टेम्पोखाली चपटं झालं. दुसऱ्याला त्याने लूमच्या पट्ट्याचा तुकडा लावून घट्ट बसवलं, आत भंगारातल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा जोडला आणि हँडलजवळ बटण दिलं. बोटं भाजली, पण चेहरा खुलला होता. शेजारची ठमाबाई कुंपणावरून म्हणाली, "बायको चुलीपुढं तापते, तिला पंखा न्हाय. गाडीला बरा सुचला."

मी गार राहू लागले. नवस फळला. कमळ ओटी भरू लागली आणि करंज दर शुक्रवारी नुसता मागे जाऊ लागला. ती मान वळवून त्याच्याकडे बघायची, ते मला आरशात दिसायचं. आपण देवीकडे काय मागून बसलो, हे पाचव्या शुक्रवारी तिच्या ध्यानात आलं. पण दिलेलं परत घे, असं देवीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवव्या शुक्रवारी तिने माझी पूजा केली आणि झेंडूचा भरगच्च हार हँडलला न घालता नरसाळ्याच्या तोंडात कोंबला. मला कळलं. पण माझ्याकडे हॉर्नशिवाय आवाज कुठला?

हाराचा दोरा पंख्यात अडकला, पंखा थांबला. मी आतून भाजत होते. केसरीनाथचा मात्र स्वतःच्या कामावर पुरता भरवसा, त्यामुळे तो करंजाजवळ थांबलाच नाही. पुढच्या चढावर माझा पिस्टन चिकटला, मागचं चाक जागीच जाम झालं आणि दोघं रस्त्यावर घसरली. नशीब, मागे कंटेनर नव्हता. कमळचं कोपर सोलवटलं. त्याने मला ढकलत मागे करंजाखाली आणलं आणि नरसाळ्यातून करपलेला झेंडू ओढून काढला.

"ह्यो कुनी कोंबला?"

"मीच." ती मातीकडे बघत होती. "गाडी तापली का तुमी बोलता."

केसरीनाथने तो हार माझ्या हँडलला अडकवला. मग त्याने बाटलीत बोट बुडवलं आणि माझ्यावर थेंब सोडला. चर्रर्र झालं.

"बस," तो म्हणाला. "अजून गरम हाय."

माझं इंजिन पुन्हा सुरू झालं नाही. माझे भाग आता मिळत नाहीत. घरात विजेवर चालणारी स्कूटर आली, ती तापतच नाही. पण तिच्या पहिल्या फेरीआधी कमळने देवीला दुसरा नवस बोलला: गाडी तापो न तापो, जाताना करंजाखाली थांबायचं. केसरीनाथने मान डोलावली, आणि मग आठवण झाल्यासारखं तोंडाने म्हणाला, "थांबू."

मी पडवीतच असते. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात, नरसाळ्यात चिमणीने काड्या भरल्यात. शुक्रवारी कमळ परत येते, तेव्हा तिच्या अंबाड्यात करंजाचं एखादं जांभळट फूल अडकलेलं असतं. त्यावरून मी समजते, दोघं थांबली होती. ती ओल्या बोटाने माझ्यावर एक थेंब सोडते. तो गप्पच ओघळून जातो.

तुम्हीही एवढा नवस कराच. गाडी गार असली तरी वाटेत एखाद्या झाडाखाली ती बंद करा आणि शेजारच्या माणसाला म्हणा, बस, अजून गरम आहे.