ओटीपी कुणाच्या फोनवर

“बाई, तुमच्या बँकेचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?”

मिरचीची हे विचारायची छातीच होणार नाही, अशी मागच्या बाकावरच्या टोळीने पैज लावली होती. मिरची दहावीतली. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही पुटपुटायची. पण वादविवादात पहिली आल्यापासून माइकचा शोध आपल्यासाठीच लागलाय अशी तिची खात्री पटली होती. त्यामुळे ती उठली आणि विचारून मोकळी झाली.

व्यासपीठावरच्या बाई गुंतवणूक सल्लागार. मुलींनो, स्वतःच्या पैशाच्या मालकिणी व्हा, असं त्या तासभर घसा कोरडा करून सांगत होत्या. मागे पडद्यावर नाण्यांनी लगडलेलं झाड. प्रश्न ऐकून त्या गोड हसल्या. ते सगळं आमचे हेच बघतात म्हणाल्या, उगाच आपल्या डोक्याला ताप कशाला? मुख्याध्यापिकांनीही मान डोलावली. ‘वा, मालकीणबाई,’ मिरची मनात म्हणाली. एवढा मोठा फुगा, आणि टाचणीसुद्धा लावावी लागली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने त्या बाईंची मान वेळावून, पदर सावरून हुबेहूब नक्कल केली. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. एरवी मिरचीच्या नकलांवर ती पोट धरून हसे. आज मात्र ओट्याकडे तोंड करून पुसलेलंच भांडं पुसत राहिली.

तेव्हा मिरचीच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही. आईच्या पगाराचं खातं आईच्या नावाचं, नंबर बाबांचा. खातं उघडलं तेव्हा आईकडे फोन नव्हता. पुढे फोन आला, नंबर तसाच राहिला. मागच्या महिन्यात किराणा दुकानात आई गल्ल्यासमोर भरलेली टोपली घेऊन ताटकळत होती, मागे रांग चुळबुळत होती आणि बाबा न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस फासून बसले होते. “आला का हो आकडा?” हे फोनवर विचारताना आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आईने मग तुकड्यातुकड्यांत सांगितलं. मालक दुसरी शाखा काढतोय, ती आईच्या हाती द्यायची म्हणतोय. काचांची प्रत्येक मागणी फोनवर ओटीपी टाकून मंजूर करायची. नोंदणी करताना नंबर विचारला, तर सवयीने आईच्या हातून बाबांचाच लिहिला गेला. ती नोंदणी पगाराच्या खात्याशी जोडलेली आणि बँकेतही तोच नंबर, त्यामुळे आता बँकेत जाऊनच बदलायला हवा. काल पहिलीच मागणी अडकली, कारण बाबा मीटिंगमध्ये. मालक आज म्हणाला, वहिनी, मला शाखेवर एक माणूस हवंय, जोडपं नको. उद्या संध्याकाळपर्यंत नंबर बदला, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो.

“मग बदल की,” मिरची म्हणाली.

“बाबांना लागेल गं ते.”

जेवताना आईने विषय काढला, पण बाबांना काहीही लागलं नाही. उलट त्यांना उदारपणाचा उमाळाच आला. मी आहे ना, म्हणाले, कधीही फोन कर, आकडा सांगेन, आजवर नाही म्हटलंय का? मग नाकावरचा चष्मा वर सरकवून त्यांनी समजावलं, की आईला हे बारीकसारीक व्यवहार झेपायचे नाहीत.

मिरची त्या चष्म्याकडे बघत राहिली. त्याच्या काचा आईने घासल्या होत्या. त्याच्याशिवाय या गृहस्थांना ओटीपी सोडाच, फोन कुठे ठेवलाय तेही दिसलं नसतं. सहा आकडे वाचून दाखवायचे आणि घर आपणच चालवतो असं मानायचं! शाळेतल्या बाईंचे ‘हे’ घरी असेच जेवत बसत असणार, असंच तृप्त तोंड करून.

“मला ती शाखा हवी आहे,” आई ताटाकडे बघत म्हणाली.

“अगं, मग घे की. कोण नको म्हणतंय?” बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी भात वाढून घेतला.

 आईने मिरचीकडे पाहिलं. एरवी त्या नजरेत ‘तू गप्प बस’ असायचं, आज नव्हतं.

मिरचीने ताट बाजूला सारलं.

“आई, उद्या सकाळी ओळखपत्र घेऊन तयार राहा. मी पहिले दोन तास बुडवणार आहे. आपण बँकेत नंबर बदलायला जातोय. बाबा, तुम्ही यायची तसदी घेऊ नका. तुमच्या फोनवर शेवटचा एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखवा.”