पाचगणीहून आलेला काटा

खोक्यात चार वस्तू होत्या: वजनकाटा, त्याची स्टीलची ताटली, अडॅप्टर आणि मखमली डबीतलं दोनशे ग्रॅमचं वजन. शिवाय गुंडाळायला वापरलेले वर्तमानपत्राचे अकरा कागद. संघमित्राने तेही मोजले.

लिलावाच्या साइटवर शेवटच्या चाळीस सेकंदांत बोली चढवून तिने हा काटा पटकावला होता. महाप्याच्या प्रयोगशाळेत ती रोज असल्याच काट्यांवर काम करायची. खांदेश्वरच्या घरी स्वतःचा एक हवा होता. वर्णनात ‘अगदी अचूक’ असं लिहिलेलं. तिने ते वजन दहा वेळा ठेवलं. दहाही वेळा आकडा आला २००.०६.

साइटवर तक्रारीला दोन कारणं होती. ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडलं, तर काटा परत पाठवून तीन आठवडे वाट बघायची. ‘फसवणूक’ निवडलं, तर दोन दिवसांत पैसे, आणि वस्तू मागायलाही कोणी येत नाही. कोणी फसवलंय असं तिला वाटत नव्हतं. तरी तिने ‘फसवणूक’च दाबलं. तिसऱ्या दिवशी पैसे आले.

पाचव्या दिवशी फोन आला.

“संघमित्रा का? मी सत्यभामा, पाचगणीहून. काटेवाली. पार्सलावर तुझा नंबर होता.”

“काकू, तो साठ मिलिग्रॅम जास्त दाखवतो.”

“मग तिथं पोचल्यावर वजन ठेवून काटा जुळवायचं कॅलचं बटण दाबलंस का? आमचे हे शाळेच्या लॅबमध्ये शिपाई होते, काही एमएस्सी नव्हते. पण काटा घाटाखाली नेला की आधी तेच करायचे. खाली वजन जास्त भरतं म्हणायचे.”

संघमित्राने मनात हिशेब केला. पाचगणीची तेराशे मीटर उंची. इथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त. असलं गणित तिने दुसऱ्या वर्षाला सोडवलं होतं. पण प्रयोगशाळेत रोज सकाळी काटे टेक्निशियन जुळवून ठेवायचा, ती फक्त रजिस्टरवर सही करायची. दोन वर्षांत ते बटण तिने एकदाही दाबलं नव्हतं.

“मोडका म्हणाली असतीस तर मुकाट पैसे दिले असते गं. चोर कशाला म्हणालीस? खातं बंद केलं त्यांनी माझं. शाळा बंद पडली तेव्हा ह्यांनी घेतलेलं सामान आहे, अजून एकोणीस नग पडलेत. त्याच्यावरच चाललंय माझं.”

“चुकलं, काकू.”

“मला सांगून काय व्हायचंय? त्यांना सांग.”

तिने वजन ठेवलं, बटण दाबलं. २००.००.

मग साइटला पत्र लिहायला बसली. आधी लिहिलं, ‘माझा गैरसमज झाला.’ खोडलं. नंतर लिहिलं, ‘फसवणूक झालेली नाही, हे तक्रार करतानाच मला माहीत होतं. पैसे लवकर मिळावेत म्हणून मी तसं नोंदवलं. ते पैसे विक्रेत्याला परत द्यावेत.’ खाली नियम होता: खोटी तक्रार करणाऱ्याचं खातं कायमचं बंद. तिने पत्र पाठवलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. संघमित्राचं खातं बंद झालं होतं. पैसे सत्यभामाबाईंकडे गेले होते आणि त्यांचं खातं पुन्हा सुरू झालं होतं. तक्रारीआधी साइट त्यांच्या नावापुढे शंभरापैकी ९८ विश्वासगुण दाखवायची. आता ७१.