शुद्धीचे सात दिवस

एका संगणकी खेळाच्या नकाशात उत्तरेला एक सरोवर आहे. तिथे सदैव सायंकाळ असते. केशरी, कुसुंबी, कोवळी सायंकाळ. नीलनिश्चल जलाखाली शुभ्र मनोरे दिसतात, स्फटिकसोपाने दिसतात, कमानीमागे कमान दिसते. खेळणारे काठावर थबकतात आणि हळहळतात. काठावरची शिळा सुवर्णाक्षरांत सांगते, की एल्फांचे सौंदर्य देवांना बघवले नाही, म्हणून देवांनी हे नगर बुडवले.

ती शिळा दूरच्या कुणा एल्फ भाटाने कोरली आहे. तो दुसरे काय लिहिणार?

देवांना एवढी उसंत नव्हती. नगर बुडाले ते स्वतःच्या मिजाशीने.

दीर्घकर्ण, दीर्घायुषी, दीर्घसूत्री असे ते एल्फ. हजार हजार वर्षे जगले, पण इकडची काडी तिकडे केली नाही. कालवे उपसायचे माणसांनी, चाके फिरवायची माणसांनी, आणि नगरात पाऊल टाकताच तोंड मिटायचे तेही माणसांनीच. माणसाच्या आवाजाने नगराची हवा विटाळते, असा तिथला नियम होता.

ओरवा तिथली कालवे उपसणारी. चाळीस वर्षे ती गुडघाभर गाळात उभी राहिली, चाळीस वर्षे त्या नगरात गप्प राहिली. तिची एकुलती लेक निमी राजवाड्याच्या तळघरात कारंज्यांची चाके फिरवायची. तळघराला बाहेरून कुलूप असायचे आणि किल्ली महापुरोहित आएलिनकडे.

बर्फ वितळू लागले. रुपेरी, रोरावते, रानभर पसरलेले पाणी खोऱ्यात उतरले. नगराच्या वर असलेल्या धरणाच्या भिंतीत ओरवाला एक चीर दिसली. सकाळी केसाएवढी, दुपारी बोटाएवढी. नगरात सगळ्यांत खाली होते ते तळघर.

चिखलाच्या पायांनी ती तशीच सभामंडपात शिरली. तिथे चंद्रकांत मण्यांच्या आसनांवर रेलून एल्फ एका कवितेतल्या कमळाचा रंग ठरवत होते. चर्चेचा तिसरा महिना चालू होता.

"धरण फुटतंय," ओरवा म्हणाली. "वरच्या अंगाला चीर गेलीया. तळघर उघडा, माझी लेक आत हाय. तुमीबी डोंगरावर चला."

वीणा थांबल्या. वाळ्याचे पंखे थांबले. आएलिनने नाकाला शेला लावला. चीर केवढी, कुठे, केव्हापासून, हे एकानेही विचारले नाही.

"ही बोलली," तो म्हणाला. "सात दिवस शुद्धी करावी लागेल."

आणि मग काय तो थाट. चंदनाचा धूर, शंखांचा घोष, श्वेतवस्त्रांच्या रांगा. मंडपाचा खांबन् खांब दुधाने धुतला. दूध वाहायला अर्थात माणसेच, तोंडाला फडके बांधून. कारंजी उंच उडावीत म्हणून तळघरातली चाके दुप्पट वेगाने फिरवायचा हुकूम सुटला. नाकाने कांदे सोलणारी ती जमात धरणाकडे पाठ करून मंत्र गात बसली.

ओरवाला त्यांनी वेशीबाहेर काढले. तिला रडू आले नाही. तिला त्यांची किळस आली.

तिसऱ्या सकाळी भिंत करकरली. ओरवाने पहार उचलली, होडी कालव्यात लोटली आणि भर नगरातून ओरडत निघाली. माणसांनी तिची हाक ऐकली, हातातली भांडी टाकली, टेकडीची वाट धरली. एल्फांनी कानांत कापूस घातला. कान लांब, त्यामुळे कापूस पुष्कळ लागला.

तळघराचे पहारेकरी शुद्धिस्नानाला गेले होते. चार घावांत कुलूप तुटले. आत निमी आणि आणखी पाच बाया, घामाने निथळत, अजून चाक फिरवीत.

"आये, थांबायचा हुकूम न्हाई," निमी पुटपुटली.

"हुकूम गेला खड्ड्यात. चल."

साती जणी होडीत चढल्या. मग पाणी आले. शुभ्रफेन, भीमवेग, बहिरे पाणी. मंडप गेला, मंत्र गेले, कमळाचा न ठरलेला रंगही गेला. होडी भोवऱ्यात गरगरली, कलली, पण तरली. निमीचा हात ओरवाच्या हातात होता आणि ओरवाला आणखी काही नको होते.

राजवाड्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर आएलिन एकटा उभा होता. पाणी त्याच्या छातीला लागले होते. ओरवाने होडी वळवली.

"त्याला कशापायी, आये?" निमीने विचारले.

"बुडतोय म्हून," ओरवा म्हणाली, आणि तिने वल्हे पुढे केले. "धरा."

वल्ह्याला गाळ लागला होता. आएलिनने गाळ पाहिला, वल्हे धरणारा काळा, भेगाळ हात पाहिला, आणि तोंड फिरवले.

पाणी खांद्याला आले. पाणी गळ्याला आले. पाणी हनुवटीला टेकले.

आएलिनने हनुवटी आणखी वर केली.